खळ्यातलं बाकडं, चार लोखंडी खुर्च्या आणि एक झोपाळा: पावसाळ्यानंतरच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

दसऱ्याला सासरी आलो. दापोली तालुका, घर समुद्रापासून दीडएक किलोमीटरवर. पाऊस अजून पुरता गेलेला नाही, काल संध्याकाळीही गडगडाट करून एक सर येऊन गेली. खळ्यातल्या (घरापुढच्या अंगणातल्या) आणि पडवीतल्या बसायच्या वस्तूंची दैना बघून आईंना (सासूबाईंना) म्हटलं, दिवाळीपर्यंत हे सगळं मी नीट करते. त्या म्हणाल्या, "अगं, गेल्या वर्षीही हेच म्हणाली होतीस." खरं आहे. गेल्या वर्षी मी बाकड्याला जवसाच्या तेलाचे दोन हात मारून पुण्याला निघून गेले होते. त्याचं काय झालं ते खाली येईलच.

आज फक्त पाहणी केली.

सागवानी बाकडं, सहा फुटी, १९८७ सालचं. सासऱ्यांनी परसातल्याच सागाचं करून घेतलेलं. खळ्याच्या कडेला, बरोबर पागोळ्यांखाली उभं. बसायच्या पट्ट्या काळ्याकुट्ट, पाठीवर शेवाळ, पायांचे बुंधे मऊ. खिळ्यांभोवती काळे डाग.

लोखंडी खुर्च्या चार. नळीचे पाय, पट्टीची बैठक. रंगाचे पोपडे सुटलेत, आतून गंज.

झोपाळा पडवीत आहे, त्यामुळे बरा. पितळी कड्या मात्र काळपट-हिरव्या.

वेताच्या खुर्च्या दोन. ताडपत्रीत बांधून ठेवल्या होत्या. ताडपत्री उघडली तर पांढऱ्या बुरशीची लोकर.

प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या. त्यांना कोण विचारतो, पण बसणारे त्यांच्यावरच जास्त.

एक गोष्ट आजच ध्यानात आली. जे उघड्यावर भिजत होतं त्यापेक्षा जे झाकून ठेवलं होतं त्याची अवस्था वाईट. ताडपत्रीच्या आत जमिनीची ओल चढली आणि तिथेच कोंडली. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तो वरून येतो तसा खालूनही येतो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पहिली चूक पहिल्याच दिवशी. शेजारच्यांकडून गाडी धुवायचं प्रेशर मशीन आणलं. बाकड्यावर फवारा मारला आणि काय सांगू, काळं थरच्या थर उडालं, खालून तपकिरी साग दिसायला लागला. वीस मिनिटांत अर्धं बाकडं साफ. मुलाने व्हिडिओही काढला.

दुपारी वाळल्यावर हात फिरवला. लाकूड फणसाच्या सालीसारखं झालं होतं. पाण्याच्या जोराने सागातले मऊ रेषांचे भाग खरवडून निघाले आणि कठीण रेषा तशाच उभ्या राहिल्या. वर तंतू सुटून लव आलेली. असल्या खाचांमध्ये पुढच्या पावसात पाणी जास्तच थांबणार. म्हणजे ज्या कामात तासभर वाचवला त्याचं आता दोन दिवसांचं घासकाम होऊन बसलं.

मशीन परत केलं. उरलेलं अर्धं बाकडं साध्या पद्धतीने धुतलं: कपड्यांची पावडर घातलेलं कोमट पाणी, काथ्याची घासणी, रेषांच्या दिशेनेच घासायचं, लगेच पाणी ओतायचं. दीड तास लागला. पण लाकडाचं अंग शाबूत राहिलं.

पट्ट्यांमधल्या फटींत पाच वर्षांचा पाचोळा घट्ट बसला होता, ओला, काळा, चहाच्या चोथ्यासारखा. टूथब्रश आत जात नव्हता. शेवटी आईंनी सुंभाचा तुकडा आणून दिला. तो फटीत घालून दोन्ही टोकं धरून करवतीसारखा पुढे-मागे ओढला की सगळं खाली पडतं. नऊ फटी, अर्धा तास. त्या पाचोळ्यातच पाणी धरून राहत होतं. फटी मोकळ्या झाल्यावर वर तांब्याभर पाणी ओतलं तर लगेच खाली गळून गेलं. यापूर्वी ते तिथेच तळं करून बसायचं.

पुण्याला परत. ताम्हिणीतून पाच तास.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज दुसरी चूक, आणि ही मला आधी चूक वाटलीच नाही.

वर आलेली लव काढायला पॉलिश पेपर हवा होता. दापोलीत दुकान बंद. घरात भांडी घासायची तारेची घासणी होती, लोखंडी तारेची. म्हटलं, बारीकच आहे, चालेल. बाकड्याच्या पाठीवर आणि डाव्या हातावर घासली. छान गुळगुळीत झालं. रात्री एक सर येऊन गेली.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर पाठीवर सगळीकडे निळे-काळे ठिपके. कुणी दौत झटकल्यासारखे. मला वाटलं बुरशी, पण एका रात्रीत? बोटाने घासले, साबणाने घासले, हलत नाहीत.

आईंनी चष्मा लावून पाहिलं आणि हसल्या. "शाई झाली की गं." त्यांच्या लहानपणी घरी हिरडा आणि हिराकस उकळून शाई करत. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड एकत्र आलं की काळं होतं. सागातही टॅनिन असतंच. घासणीचे तारेचे बारीक कण लाकडात अडकून राहिले, रात्री पाणी लागलं, आणि बाकड्यावर शाई तयार. खिळ्यांभोवतीचे जुने काळे डागही याच जातीचे. म्हणजे बाहेरच्या लाकडाला लोखंडाचा स्पर्श नको: ना घासणी, ना तारेचा ब्रश, ना साधा खिळा.

सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी बाकडं उलटं केलं आणि पायाच्या बुंध्यात टोचा खुपसला. टोचा नखभर आत गेला. "वहिनी, वरचं काय घासताय, खालनं बघा." लाकडाच्या आडव्या अंगापेक्षा कापलेल्या टोकातून पाणी कितीतरी जास्त शोषलं जातं. पाय उभा म्हणजे टोक खाली, टोक मातीत, आणि माती चार महिने चिखल. चारही पाय एकेक इंच कुजले होते.

काकांनी चारही पाय सव्वा इंच कापले. नवीन टोकांना डांबराचे दोन हात दिले. खिळे उपटून काढले. त्यांपैकी अकरा डोक्याशीच तुटले, त्यात दोन तास गेले. त्या जागी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, चोवीस नग, आठ रुपयाला एक. भोक आधी पाडून मग स्क्रू, नाहीतर जुना साग चिरतो. मजुरी अकराशे. या सगळ्या कामात पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं ते याच खर्चात.

बाकडं मातीला टेकू नये म्हणून मी खाली जांभ्याच्या चिऱ्याचे तुकडे ठेवले. काका निघताना वळून म्हणाले, "चिरा पाणी पितो. तो ओला तर पाय ओला." मग गोठ्यामागे पडलेले कडप्प्याचे तुकडे शोधून काढले आणि ते लावले.

संध्याकाळी पाचला बाकड्याचं काम उरकलं म्हणून उत्साहात लोखंडी खुर्च्या काढल्या. तारेच्या ब्रशने (पन्नास रुपये, तीन झिजले) गंज आणि पोपडे घासले, ओल्या फडक्याने पुसल्या, सुकल्यासारख्या दिसल्या आणि रेड ऑक्साइड प्रायमर मारून टाकला. अंधार पडत आला होता. चारपैकी दोन झाल्या. हात धुऊन पुण्याला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

प्रायमर मारलेल्या दोन खुर्च्यांच्या हातांवर नख लावलं तर साल निघते तसा प्रायमर निघून आला. बैठकीवर तपकिरी ठिपके खालून वर आले होते.

कारणं दोन, दोन्ही माझीच. एक, संध्याकाळी मारला. ऑक्टोबरात आमच्याकडे सूर्य बुडाला की दव पडायला लागतं. थंड लोखंडावर ते दिसत नाही, पण असतं. प्रायमर ओलाव्यावर बसला, लोखंडावर नाही. दोन, मीठ. समुद्राकडचा वारा वर्षभर खारं घेऊन येतो आणि ते गंजाच्या खाचांत बसतं. फडक्याने पुसून ते जात नाही. वरून रंग मारला तर मीठ आत कोंडून ओल ओढत राहतं.

सगळा प्रायमर परत घासून काढला. एक पूर्ण दिवस आणि मनगट. या वेळी असं केलं:

आधी खुर्ची उलटी करून पायांची प्लॅस्टिकची टोपणं काढली. पहिल्या पायातून भळाभळा पाणी आलं, चहाच्या रंगाचं, त्यात गंजाचा भुगा. चारही खुर्च्यांच्या पायांत तेच. वेल्डिंगच्या बारीक भोकातून पावसाचं पाणी नळीत उतरत होतं आणि टोपणामुळे बाहेर पडत नव्हतं. आम्ही बाहेरून दरवर्षी रंग देतोय आणि खुर्ची आतून गंजतेय! सोळापैकी दोन पाय दाबले तर कुरकुरले. त्या खुर्चीवर आता जाड माणसाने बसायचं नाही असं ठरलं. कोणी बसायचं नाही ते मी सांगणार नाही.

मग गोड्या पाण्याने भरपूर धुतलं, नळी लावून, प्रत्येक सांध्यावर ब्रश फिरवत, तीनदा. मग उन्हात.

इथे पुन्हा एक तास हुकला. धुऊन सावलीत ठेवल्या आणि जेवायला गेले. परत आले तर स्वच्छ केलेल्या लोखंडावर केशरी झाक. ओलं उघडं लोखंड इतक्या लवकर गंजतं हे वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. एमरी पेपरचा हलका हात आणि टर्पेंटाइनचं फडकं, तेव्हा गेली. धुतल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसून थेट उन्हात ठेवायचं, जेवण नंतर.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळी दहापर्यंत दव उडू दिलं. खुर्च्या उन्हात इतक्या तापल्या की हात ठेवता येईना. तशाच तापलेल्या लोखंडावरही रंग मारायचा नाही. तो लगेच सुकतो आणि फोड येतात. म्हणून पडवीत आणल्या, कोमट होईपर्यंत थांबले, मग प्रायमर. अकरा ते एक या वेळात चारही झाल्या. पातळ हात, जाड नाही. सांध्यांत आणि पट्टीच्या खालच्या बाजूला बारीक कुंच्याने, कारण तिथेच गंज धरतो आणि तिथेच आपण आळस करतो.

दुपारी बाकडं. पाठीवरची शाई अजून होतीच.

ऑक्झॅलिक ॲसिड आणलं, अर्धा किलो, १२० रुपये. पांढरे खडे, मिठासारखे दिसतात, म्हणून डबा स्वयंपाकघरात आणायचाच नाही. पोटात गेलं तर विष आहे. रबरी हातमोजे आणि चष्मा, १९० रुपये. प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाण्याला साधारण नव्वद ग्रॅम. लोखंडी किंवा जस्ताची बादली नको. कुंच्याने पूर्ण पाठीवर लावलं. फक्त ठिपक्यांवर लावलं तर तिथे फिके डाग उरतात, म्हणून आख्खी फळी एकदम.

बघत उभी राहिले. पाचएक मिनिटांनी ठिपक्यांच्या कडा विरघळायला लागल्या, निळ्याच्या राखाडी, राखाडीच्या फिक्या. वीस मिनिटांत पाठ मधाच्या रंगाची. खिळ्यांच्या जुन्या डागांना दोनदा लावावं लागलं आणि तरी सावली राहिलीच. उन्हाने राखाडी झालेलं लाकूडही यानेच उजळलं.

मग भरपूर पाणी. मला वाटलं भरपूर ओतलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार (वसुबारस)

सुट्टी टाकली. नवा पॉलिश पेपर (एकूण बारा, पंधरा रुपयाला एक): आधी ८० नंबर, मग १२०. पहिल्या पाच मिनिटांतच नाक आणि घसा जळायला लागला. काल नीट धुतलं गेलं नव्हतं. ॲसिड सुकून पट्ट्यांच्या कडांना पांढरी पूड धरून होतं आणि मी तीच घासून हवेत उडवत होते. तोंडावर रुमाल असून उपयोग झाला नाही. सगळं थांबवून बाकडं पुन्हा धुतलं, या वेळी उलटं-सुलटं करून, आणि आजचा दिवस वाळण्यात गेला. ॲसिडनंतर एकदा धुणं पुरत नाही, दोनदा धुवा, आणि घासताना मास्क लावा.

तोवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. खाण्याचा सोडा आणि पाणी यांची लगदी, स्पंज, धुऊन टाका. काळे बुरशीचे ठिपके ब्लीचच्या पातळ पाण्याने जातात. इतकंच. एक मात्र सांगते: ब्लीच काढलंत त्या दिवशी ॲसिड बाहेर काढू नका, ना ऑक्झॅलिक, ना संडासाचं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू होतो. आणि ज्या खुर्चीवर हात फिरवल्यावर पांढरी पूड लागते तिचं प्लॅस्टिक उन्हाने मेलेलं असतं. ती धुऊन नवी होत नाही. उलटी करून पाय बाहेरच्या बाजूला दाबा. करकर आवाज आला किंवा पांढरी रेघ उमटली तर टाकून द्या. आमच्या सहापैकी दोन गेल्या. त्यांवर आता कुंड्या आहेत.

वेताच्या खुर्च्या: आधी उन्हात ठेवून कोरड्या ब्रशने बुरशी झाडली, घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून. मग रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश. एकीची विणलेली बैठक झोळ पडून सैल झाली होती. ती उलटी करून खालच्या बाजूने गरम पाण्याचं फडकं अर्धा तास ठेवलं. वेत खालून पाणी पितो, वरची गुळगुळीत बाजू पीत नाही. मग बसू न देता दिवसभर वाळवली. संध्याकाळी टिचकी मारली तर डग्ग्यासारखी वाजली. वेत कुठे तुटला असेल तर हे करून उपयोग नाही. दुसऱ्या खुर्चीच्या पायाखाली बारीक भुशाची रांगोळी सापडली, म्हणजे कीड. भोकांत सिरिंजने औषध भरलं आणि ती खुर्ची बाकीच्या सामानापासून लांब ठेवली.

३० ऑक्टोबर, बुधवार

बाकडं घासून झालं. प्रेशर मशीनने केलेल्या खाचा बैठकीवर अजून बोटाला लागतात. काका म्हणाले रंधा मारा. पण १९८७च्या फळीतून दोन सूत लाकूड काढून टाकायला जीव झाला नाही. राहू दे, माझी सही म्हणून.

आता तेल लावायचं का? गेल्या वर्षी लावलं होतं, बाकडं काळं पडायचं कारण हेच: जवसाचं तेल म्हणजे बुरशीचं जेवण. कोरड्या गावात ते चालत असेल. इथे चार महिन्यांच्या पावसात त्या तेलावरच बुरशी पोसली आणि लाकूड काळं पडलं. शिवाय सागात स्वतःचं तेल असतं, बाहेर ठेवायला म्हणून तर साग घेतात. वर्षभराने तो राखाडी होईल. तो फक्त वरचा थर असतो, लाकूड कुजल्याची खूण नव्हे. रंगासाठी तेल आणि तेलासाठी दरवर्षी घासकाम, हा व्यवहार मला पटत नाही. बाकडं कोरडंच ठेवलं.

झोपाळा पडवीत, पावसाची झड कधीतरीच येते. त्याला लावलं. डबल बॉइल्ड लिनसीड (जवसाचंच तेल), अर्धा लिटर, १७० रुपये. इथे दोन चुका एकाच तासात.

पहिली, हात जाड मारला. लावून वीस मिनिटांनी उरलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढायचं असतं. पाटाची चमक इतकी छान दिसत होती की पुसवेना.

दुसरी जास्त गंभीर. तेलाची फडकी चुरगळून प्लॅस्टिकच्या डब्यात टाकली, डबा पडवीच्या कोपऱ्यात, शेजारी सरपण. दोनेक तासांनी काहीतरी कढत असल्यासारखा वास आला. डब्यात हात घातला तर मधली फडकी भाकरीसारखी गरम. जवसाचं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. फडकी पसरलेली असतील तर ती उडून जाते, गोळा करून ठेवली तर साठत जाते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. डबा उचलून खळ्यात नेला, पाणी ओतलं. मग एकेक फडकं दगडावर सुटं पसरून वाळवलं. आईंना सांगितलं नाही. आता वाचतील.

२ नोव्हेंबर, शनिवार (पाडवा)

लोखंडी खुर्च्यांना ऑइल पेंटचा दुसरा हात काल सकाळी झाला. पहिला हात परवा दिला होता. गडद हिरवा, एक लिटर ३४०, पुरला नाही म्हणून आणखी अर्धा १९०. पहिल्या फेरीत प्रायमर वाया गेला नसता तर खालचं अंग जास्त गुळगुळीत झालं असतं आणि रंगही कमी लागला असता. पायांना नवी रबरी बुटं, सोळा, दहा रुपयाला एक. बसवण्याआधी प्रत्येक बुटाच्या तळाला आणि नळीच्या शेवटच्या टोकाला भोक पाडायचं, आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला. ड्रिल शेजारच्यांचं, ते पाडव्याच्या गडबडीत. तीन खुर्च्यांना पाडलं, चौथी राहिली.

पितळी कड्या चिंच आणि मिठाने घासल्या. आई नेहमी पितांबरी वापरतात, मला हौस. चिंच काम चोख करते, पण कड्यांच्या जोडात अडकलेली चिंच मी धुतली नाही आणि सकाळी तिथे हिरवे ओघळ. परत खोलून, गरम पाण्याने धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचं एक बोट. कड्या काढल्याच होत्या तर आढ्यातला आकडाही पाहिला: आतल्या बाजूने जवळजवळ तिसरा हिस्सा झिजलेला. हे चमकवण्याच्या नादात सापडलं. आकडा बदलून घेतला, पैसे काकांनी घेतले नाहीत.

३ नोव्हेंबर, रविवार (भाऊबीज)

झोपाळ्याचं तेल अजून चिकट आहे. दमट हवेत जाड हात चार दिवस झाले तरी सुकत नाही. नणंदेचा मुलगा पांढरा नवा सदरा-पायजमा घालून बसला आणि उठताना आवाज आला. पायजम्याच्या मागे पाटाच्या रेषा छापल्या गेल्या, फळीन् फळी ओळखू येत होती. पाहुणे गेल्यावर टर्पेंटाइनच्या फडक्याने वरचं सगळं चिकट पुसून काढलं. आता मंद चमक आहे, कोरडी. मुळात इतकीच हवी होती.

हिशेब मांडला. ऑक्झॅलिक १२०, पॉलिश पेपर १८०, मोजे-चष्मा १९०, रेड ऑक्साइड २४०, ऑइल पेंट ५३०, ब्रश १५०, टर्पेंटाइन १५०, स्क्रू १९२, लिनसीड १७०, बुटं १६०, मजुरी ११००. एकूण ३,१८२ रुपये. सोडा, रिठे, चिंच घरची. पेट्रोल धरलं नाही, धरलं तर नवरा ही नोंद वाचून पुढच्या वर्षी येणार नाही. वेळ माझा साधारण नऊ दिवस. त्यांतले निदान चार मी स्वतःच वाढवले, आणि त्या चारांतले तीन केवळ वाळायला वेळ दिला नाही म्हणून.

२६ जानेवारी २०२५, रविवार

लोखंडी खुर्च्यांवर कुठेही फोड नाही. एका हाताच्या खालच्या बाजूला, जिथे कुंचा पोचला नव्हता, तिथे मसुराएवढा गंज. घासून प्रायमरचा टिपका दिला. बाकडं फिकट होत चाललंय, ठिपके परत आलेले नाहीत. वेताची घट्ट केलेली बैठक तशीच. किडीच्या खुर्चीखाली नवा भुसा नाही.

आईंना एक काम लावून दिलंय: महिन्यातून एकदा खुर्च्यांवर बादलीभर गोडं पाणी ओतायचं, खारं उतरवायला, सकाळी, ऊन असताना. त्या म्हणाल्या, झाडांना घालतेच, खुर्च्यांना घालीन.

२५ मे २०२५, रविवार

ठरलं होतं १ जूनला येऊन सगळं पडवीत घ्यायचं. वेताच्या खुर्च्यांसाठी या वेळी ताडपत्री नाही, जुनी सुती चादर आणि खाली लाकडी फळ्या, म्हणजे हवा खेळेल. पण यंदा मान्सूनला घाई. काल केरळात आला, आज कोकणात दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, आणि त्याआधीच आठवडाभर आमच्याकडे पाऊस लागून राहिला होता.

आईंचा फोन. वेताच्या खुर्च्या त्यांनी शेजारच्या मुलाकडून आत घेतल्या. बाकडं बाहेरच आहे. फटींतून पाणी गळून जातंय, कडप्पा वरून कोरडा होतो. लोखंडी खुर्च्या भिजतायत. मी विचारलं, "पायांतून पाणी येतंय का बघा ना."

छत्री घेऊन त्या खळ्यात गेल्या, फोन तसाच हातात, पागोळ्यांचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. "तिघींच्या पायांखाली ओली वर्तुळं आहेत गं. चौथीखाली काही नाही."

चौथीचं भोक पाडायचं राहिलं ते राहिलंच. पुढच्या शनिवारी ड्रिल घेऊन जाते.